अमेरिकन गोल्ड ईगल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरुडाचं चित्र असलेल्या या अमेरिकी सोन्याच्या नाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येत असतात. विचारणारे साधारण दोन प्रकारचे. लेकीने किंवा जावयाने अमेरिकेहून आणलेलं नाणं हातात घेऊन 'आता याचं करायचं काय' म्हणणारे आईवडील, आणि तिकडेच राहून बचत म्हणून नाणी घेणारी मंडळी. वाचायला लागण्याआधी एक खूणगाठ बांधून ठेवा. या नाण्याला दोन किमती असू शकतात, एक सोन्याची आणि दुसरी संग्राहकाची. निम्मे प्रश्न या दोन किमतींची गल्लत झाल्यामुळेच पडतात.

१. गोल्ड ईगल म्हणजे नक्की काय? ते चलन आहे, पदक आहे की बिस्कीट?

चलन आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८५ साली कायदा केला आणि १९८६ पासून सरकारी टांकसाळ ही नाणी पाडू लागली. सोन्यात पैसे गुंतवणाऱ्यांसाठी सरकारच्या हमीचं नाणं असावं, हा हेतू. चार मापांत मिळतं: एक औंस, अर्धा, पाव आणि एक दशांश औंस. त्यांवर अनुक्रमे ५०, २५, १० आणि ५ डॉलर छापलेले असतात.

२. मग माझ्या नाण्याची किंमत ५० डॉलरच का?

नाही हो! ५० हा आकडा फक्त कायद्यापुरता. दुकानात देऊ केलंत तर दुकानदार ५० डॉलरचा माल देईल आणि रात्री आनंदाने झोपेल. खरी किंमत आतल्या सोन्याची. शिवाय हे छापील आकडे वजनाच्या प्रमाणातही नाहीत. पाव औंसावर १० डॉलर आणि अर्ध्यावर २५, म्हणजे सोनं दुप्पट आणि आकडा अडीचपट. त्यावरून हिशेब करायला जाऊच नका.

३. नाणं २२ कॅरेटचं आहे म्हणतात, तरी 'एक औंस शुद्ध सोनं' कसं? आणि आपल्या तोळ्यात किती?

एक औंस हे आतल्या शुद्ध सोन्याचं वजन आहे, अख्ख्या नाण्याचं नव्हे. अख्खं नाणं ३३.९३ ग्रॅम भरतं. त्यात ९१.६७ टक्के सोनं, ३ टक्के चांदी आणि बाकी तांबं. म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोनं, तोच ट्रॉय औंस. चांदी-तांबं घालतात ते नाणं कणखर व्हावं, हाताळताना चटकन झिजू नये म्हणून.

तोळ्याचं म्हणाल तर दोन उत्तरं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्या हिशेबाने शुद्ध सोनं दोन तोळे आणि वर दोन तृतीयांश. आज पेठेतला सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, त्याच्या हिशेबाने तीन तोळ्यांच्या जरा वर. आजी आणि सराफ वेगवेगळे आकडे सांगू लागले तर दोघंही बरोबर असतात.

चोवीस कॅरेटचं अमेरिकी नाणं हवं असेल तर ते वेगळं, २००६ पासून निघणारं 'बफेलो'. त्यावर गरुड नाही, गवा आहे.

४. माझ्या नाण्यावर गरुडाचं घरटं आहे, भावाच्या नाण्यावर नुसतं गरुडाचं डोकं. यातलं खोटं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. मागची बाजू २०२१ मध्ये बदलली.

१९८६ ते २०२१ या काळातल्या नाण्यांवर कुटुंब आहे: नर गरुड ऑलिव्हची फांदी घेऊन घरट्याकडे येतोय, खाली मादी आणि पिल्लं. ही रचना मायली ब्युसिक या शिल्पकर्तीची. २०२१ च्या मध्यापासून आला तो जेनी नॉरिस यांनी रेखाटलेला गरुड. तिथे घरटं नाही, फांदी नाही, फक्त बाजूने दिसणारं डोकं, वाकडी चोच आणि मानेवरची पिसं. माझं मत विचाराल तर नवं चित्र जास्त जिवंत आहे. जुन्यात इतकं काही कोंबलंय की दशांश औंसाच्या साडेसोळा मिलिमीटर नाण्यावर पिल्लं शोधायला भिंग लागतं.

२०२१ हे एकच साल असं, की त्या सालची दोन्ही प्रकारची नाणी सापडतात. त्या सालचं नाणं विकत घेताना 'टाइप १ की टाइप २' (जुनी रचना की नवी) एवढं विचारून घ्या.

पक्षी म्हणजे पांढऱ्या डोक्याचा अमेरिकी गरुड. १७८२ पासून तो त्यांच्या राजमुद्रेवर आहे. गंमत अशी की 'राष्ट्रीय पक्षी' असं त्याला कायद्याने म्हटलं गेलं ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये.

५. दर्शनी बाजूची बाई कोण? देवी आहे का?

ती लिबर्टी, स्वातंत्र्याचं मूर्त रूप. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी ती १९०७ च्या वीस डॉलरच्या नाण्यासाठी घडवली होती (त्या जुन्या नाण्याबद्दल प्रश्न १६ पाहा). भोवतीचे तारे मोजलेत तर आजच्या नाण्यावर पन्नास भरतील, राज्यं तेवढी म्हणून. १९०७ च्या नाण्यावर ४६ होते.

६. नाण्यावर साल दिसत नाही, नुसती रोमन अक्षरं आहेत. नकली तर नाही?

१९८६ ते १९९१ या सहा वर्षांत साल रोमन आकड्यांत छापलं जाई. १९९२ पासून नेहमीचे आकडे आले. उलटा प्रकार दिसला, म्हणजे १९८८ चं नाणं आणि साल साध्या आकड्यांत, तर मात्र सावध व्हा.

७. 'बुलियन', 'प्रूफ' आणि 'बर्निश्ड' यांत काय फरक? सोनं कमीजास्त असतं का?

सोनं तिन्हींत सारखंच. फरक पाडण्याच्या रीतीत आणि विकण्याच्या रीतीत.

बुलियन नाणं हे गुंतवणुकीचं. टांकसाळ ते ग्राहकाला थेट विकत नाही. नेमून दिलेले मोठे घाऊक व्यापारी उचलतात आणि त्यांच्याकडून ते दुकानांत येतं. भाव सोन्याबरोबर रोज हलतो. प्रूफ नाणं खास घोटलेल्या चकतीवर, घोटलेल्या ठशाने, एकाहून जास्त ठोके देऊन पाडतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं. ते टांकसाळ स्वतः डबीत घालून, प्रमाणपत्रासह विकते. बर्निश्ड हा २००६ पासूनचा मधला प्रकार: चकती घोटलेली, पण झळाळी मंद.

गल्लत होते ती इथे. प्रूफला दिलेला जादा पैसा परत मिळेल तो संग्राहक भेटला तरच. सराफाच्या काट्याला डबी आणि प्रमाणपत्र दिसत नाही.

८. माझ्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर नाही. घोळ आहे का?

बुलियन नाण्यावर अक्षर नसतंच. प्रूफ आणि बर्निश्डवर मात्र वेस्ट पॉइंट टांकसाळीचं 'डब्ल्यू' असतं. सुरुवातीच्या वर्षांतल्या काही लहान प्रूफ नाण्यांवर फिलाडेल्फियाचं 'पी' दिसतं.

याला एक सुरेख अपवाद आहे. १९९९ साली पाव आणि दशांश औंसाची काही बुलियन नाणी चुकून प्रूफसाठी कोरलेल्या, पण अजून न घोटलेल्या ठशांनी पाडली गेली. त्यामुळे साध्या नाण्यावर 'डब्ल्यू' उमटलं. घरात १९९९ चं छोटं नाणं असेल तर भिंग घेऊन बघाच. साध्या झळाळीचं आणि तरी 'डब्ल्यू' असलेलं निघालं, तर त्याची किंमत सोन्यापेक्षा बरीच वर जाते.

९. कोणत्या सालाची नाणी खरंच दुर्मीळ आहेत?

फार थोडी. एक औंसाची बुलियन नाणी लाखांनी पाडली गेली आहेत, तिथे 'दुर्मीळ साल' म्हणून कोणी भाव वाढवून सांगत असेल तर हसून पुढे चला.

नाव घ्यावीत अशी तीन-चारच. १९९१ चं अर्ध्या औंसाचं बुलियन, फक्त २४,१०० नाणी. २००६ चं 'रिव्हर्स प्रूफ', ज्यात चित्र चकचकीत आणि पार्श्वभूमी दुधी, जेमतेम दहा हजार. आणि सगळ्यांत चर्चेतलं २०२० चं: दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला ७५ वर्षं झाली म्हणून 'व्ही ७५' ही बारीक खूण उमटवलेलं प्रूफ. महायुद्ध संपलं त्या सालावरून नाणीही १,९४५ च काढली. विक्री उघडली आणि काही मिनिटांत संपली. वर सांगितलेलं १९९९ चं चौथं.

'२००९ चं प्रूफ कुठे मिळेल?' असं अनेक जण विचारतात. मिळणार नाही, कारण ते निघालंच नाही. आर्थिक मंदीत बुलियनची मागणी इतकी वाढली की सगळ्या चकत्या तिकडे वळवल्या.

१०. बचत म्हणून घ्यायचंय. एक मोठं घ्यावं की दहा छोटी?

बचतच हेतू असेल तर मोठं. नाणं पाडण्याची मजुरी छोट्यालाही जवळपास तेवढीच, म्हणून दशांश औंसाच्या नाण्यावर सोन्याच्या भावावरची टक्केवारी मोठ्यापेक्षा कितीतरी जास्त पडते. सोनं औंसाला ३,००० डॉलर धरलं, तर दशांश नाण्यात ३०० डॉलरचं सोनं आहे. पण दहा नाण्यांची एकूण किंमत एका मोठ्या नाण्यापेक्षा नेहमीच जास्त भरेल. छोट्यांचा फायदा एकच, गरजेपुरतं एखादं मोडता येतं. बारशाला किंवा मुंजीला द्यायला दशांशाचं नाणं छानच, पण तो आहेर झाला, गुंतवणूक नव्हे.

११. खरं की खोटं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

आधी मापं. एक औंसाचं नाणं ३३.९३ ग्रॅम, व्यास ३२.७ मिलिमीटर, कडेपाशी जाडी २.८७ मिलिमीटर. खोटं नाणं वजनात जुळवलं की बहुतेकदा मापात चुकतं आणि मापात जुळवलं की वजनात.

मग पाण्याची चाचणी. ग्रॅममध्ये दशांश चिन्हापुढचे दोन अंक दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा पेल्याला टेकू देऊ नका. हात स्थिर ठेवा, नाण्याला चिकटलेला बुडबुडा झटकून टाका. काट्यावर साधारण १.९ ग्रॅम दिसायला हवेत. ३३.९३ ला त्या आकड्याने भागलं की १७.८ च्या आसपास उत्तर येतं. ही या मिश्रधातूची घनता. पितळेचं किंवा शिशाचं नाणं इथे लगेच उघडं पडतं, आकडा तीन-चार ग्रॅमपर्यंत जातो. चाचणी झाल्यावर नाणं मऊ कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या, पुसू नका (कारण प्रश्न १३ मध्ये).

सराफाकडे कॅरेटमीटरवर टंच (सोन्याची शुद्धता) बघता येतो, पण ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा त्याला फसवू शकतो, पाण्याला फसवणं जास्त अवघड. आणि चुंबक? सोनं चिकटत नाही हे खरं, पण तांबं आणि शिसंही चिकटत नाही. त्यावर विसंबू नका.

१२. नव्या नाण्याच्या कडेला एका जागी दाता गहाळ आहे. खराब माल दिला का?

नाही. २०२१ च्या नव्या रचनेपासून कडेच्या दात्यांमध्ये मुद्दाम एक बदल ठेवला आहे, बनावट नाणी ओळखता यावीत म्हणून. तो नसेल तर काळजी करा.

१३. नाण्यावर लालसर डाग पडलेत. रिठ्याच्या पाण्यात धुऊ का?

दागिन्यांबरोबर रिठ्यात टाकायचा मोह होतो खरा, पण नाण्याला ब्रश लावू नका, पावडर लावू नका, लिंबू तर नकोच. डाग मिश्रणातल्या तांब्याचे आहेत आणि त्याने सोन्याची किंमत घटत नाही. घासल्यावर उठणारे केसासारखे बारीक ओरखडे मात्र जात नाहीत, आणि संग्राहक ते पहिल्या नजरेत टिपतो. नाणं कडेने धरा आणि मापाच्या कडक कॅप्सूलमध्ये ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नका, त्याचा चिकट थर नाण्यावर चढतो.

१४. कडी लावून गळ्यात घालता येईल का? आमच्याकडे पुतळ्यांची माळ असते तशी.

हौस असेल तर जरूर, पण डाग देऊन कडी जोडली की नाण्याची संग्राहक किंमत त्याच क्षणी संपते आणि उरतं फक्त सोनं. साध्या बुलियनला फारसा तोटा नाही. प्रूफला किंवा प्रश्न ९ मधल्या एखाद्या नाण्याला हे करू नका. नाण्याला धक्का न लावता कडेने पकडणाऱ्या सोन्याच्या चौकटी मिळतात, त्या बऱ्या. तरीही कपड्याला घासून नाणं झिजतंच.

१५. मुलगी न्यू जर्सीला असते, दिवाळीला येताना दोन नाणी आणणार आहे. कस्टमला काय? आणि इथला सराफ घेईल का?

ठरावीक ग्रॅमपर्यंत सोनं बिनशुल्क आणता येतं, हे तुम्ही ऐकलंय ते दागिन्यांबद्दल. नाणं दागिना नाही, त्याला ती सवलत लागू होत नाही. परदेशात किमान सहा महिने राहून येणारी भारतीय पासपोर्टची किंवा भारतीय वंशाची व्यक्ती एक किलोपर्यंत सोनं शुल्क भरून आणू शकते, आणि ते शुल्क परकीय चलनात भरायचं असतं. शुल्काचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम खात्याच्या संकेतस्थळावर बघा. नाण्यांची पावती हातातल्या बॅगेत ठेवा आणि लाल मार्गाने जाऊन जाहीर करा. 'चेनमध्ये अडकवून घालून ये, कोण बघतंय' असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकलं तर नाणं जप्त होऊ शकतं, वर दंड.

सराफ घेईल, पण मोडीच्या हिशेबाने. वजन करेल, टंच काढेल आणि २२ कॅरेटचा भाव लावेल. हॉलमार्क नाही म्हणून कुरकुर करेल. जुनं घरचं सोनं विकायला हॉलमार्क सक्तीचा नाही. टंच काढल्यावर पुन्हा 'घट' कापायला निघाला तर दुसरीकडे चौकशी करा. आणि प्रूफचे जादा पैसे इथे मागू नका. त्याला गरुड दिसत नाही, ग्रॅम दिसतात.

कर दोन्हीकडे वेगळा. भारतात २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, आणि भेट किंवा वारसाने आलेल्या नाण्याला मूळ मालकाची खरेदी किंमत व तारीख धरतात. अमेरिकेत सोन्याची नाणी 'संग्राह्य वस्तू' गणली जातात, एक वर्षानंतरच्या नफ्यावर कमाल दर २८ टक्के. तिकडच्या मंडळींसाठी एक उपयोगी अपवाद: तिथल्या निवृत्ती खात्यात ठेवायच्या सोन्याला ९९.५ टक्के शुद्धतेची अट असते, पण गोल्ड ईगल २२ कॅरेटचं असूनही कायद्याने ते चालतं.

१६. आजोबांच्या पेटीत १९०७ चं वीस डॉलरचं गरुडाचं नाणं सापडलं. हेच का ते?

हे त्याचं पूर्वज, 'डबल ईगल'. त्या काळी दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला 'ईगल' म्हणत, म्हणून वीसचं डबल. वजन ३३.४४ ग्रॅम, सोनं ९० टक्के, म्हणजे शुद्ध सोनं औंसाला थोडं कमी. १९०७ मध्ये दोन वेगळ्या रचनांची डबल ईगल निघाली. जुन्या रचनेत लिबर्टीचं फक्त डोकं आहे. नव्यात ती उभी चालत येते आणि मागच्या बाजूवर सूर्यावरून झेपावणारा गरुड. नव्या रचनेतही साल रोमन आकड्यांत आणि चित्र ठसठशीत उठावाचं असेल तर ते फार मोलाचं.

पण घाई नको. याच उठावाच्या नाण्यांची कुप्रसिद्ध नक्कल आहे. बनवणाऱ्याने सही म्हणून गरुडाच्या नख्यांत ग्रीक 'ओमेगा' अक्षर सूक्ष्म कोरलं आहे. सोनं चोख असल्याने टंच, वजन, प्रश्न ११ ची पाण्याची चाचणी, सगळं ते पार करतं. अशा नाण्यासाठी एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून ७० पैकी दर्जा देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांकडून तपासून, स्लॅबमध्ये (सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत) बंद करून घेणं पैसे वसूल करतं. आजच्या बुलियनसाठी मात्र '७० पैकी ७०' च्या स्लॅबला जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. नवी नाणी टांकसाळीतूनच बहुधा ६९ किंवा ७० च्या दर्जाची येतात.

आणखी एक. नाणं शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, म्हणजे भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसतं. तपासणीसाठी म्हणून खिशात घालून अमेरिकेला निघू नका. आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

१७. आणि त्यावर १९३३ साल असलं तर?

तर ते बहुतेक नकली आहे. खरं असलं तर जास्तच पंचाईत.

१९३३ मध्ये ४,४५,५०० डबल ईगल पाडली गेली, पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा आदेश काढला आणि ती चलनात आलीच नाहीत. दोन नाणी स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली, बाकीची वितळवली. काही मात्र टांकसाळीतून पळवली गेली. त्यातलं एक इजिप्तच्या फारूक राजाकडे पोहोचलं, तेही रीतसर अमेरिकी निर्यात परवान्यासह. त्या परवान्यामुळेच पुढे या नाण्याच्या मालकीवरून झालेला खटला तडजोडीने मिटला, आणि खासगी मालकीत ठेवता येणारं १९३३ चं ते एकमेव डबल ईगल ठरलं. २००२ साली लिलावात ते सुमारे ७५.९ लाख डॉलरला गेलं. त्यात वरचे वीस डॉलर वेगळे होते: नाणं कधी चलनात आलंच नव्हतं, म्हणून खरेदीदाराने सरकारला त्याची छापील किंमत भरून ते अधिकृत करून घेतलं. २०२१ मध्ये तेच नाणं १ कोटी ८८ लाख डॉलरवर गेलं.

दुसरीकडे फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याच्या वारसांना बँकेच्या लॉकरमध्ये अशी दहा नाणी सापडली. खरी आहेत का ते सांगा म्हणून त्यांनी ती टांकसाळीकडे पाठवली. टांकसाळीने खरी असल्याचं सांगितलं आणि परत द्यायला नकार दिला. खटला दहा वर्षांहून जास्त चालला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला आणि दहाही नाणी सरकारकडे राहिली.